कस लागण्यापूर्वी

अध्यक्षमहाराज, मंडळाचे पदाधिकारी आणि श्रोतेहो,

निमंत्रणपत्रिकेत माझा विषय ‘सोन्याचे परीक्षण : भट्टीपासून यंत्रांपर्यंत’ असा छापला आहे आणि इतकी यंत्रे आल्यावरही भट्टीतली परीक्षा का टिकून आहे, या प्रश्नाचे उत्तर देण्याचे मी कबूल केले आहे. तिथपर्यंत मी येणारच आहे. मात्र विट्यात उभे राहून सोने कसे गाळावे हे सांगण्याचा आगाऊपणा माझ्याकडून होणार नाही. खानापूर-आटपाडीकडच्या ज्या घरांतली माणसे पिढ्यानपिढ्या गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या, व्यवसायासाठी देशभर पांगली, त्या घरांतली मंडळी समोर बसली आहेत. मूस कधी उतरवायची, टंच (सोन्याची शुद्धता) कसा काढायचा आणि नत्राम्लाचा तांबूस धूर घशाला कसा झोंबतो, हे आपल्याला माझ्याहून अधिक ठाऊक आहे.

फरक इतकाच की आपल्या हाती मोडीचा दागिना किंवा लगड येते, आणि तिच्यात बहुतांश सोनेच असते. माझे आयुष्य खडकात गेले. एक टन खडकात एक ग्रॅम सोने म्हणजे दहा लाख भागांत एक भाग. इतके विरळ सोने मोजायचे असेल तर मोजण्याच्या रीतीपेक्षा मोजायला काय आणले आहे याची चिंता अधिक करावी लागते. प्रयोगशाळा जो आकडा देते तो तिच्या टेबलावर आलेल्या पुडीचा असतो, डोंगराचा नसतो. आणि ही पुडी भरण्याचे काम आपल्याकडे सर्वांत कमी पगाराच्या माणसाकडे सोपवलेले असते, हे माझे जुने दुखणे आहे. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सारा भात एकाच पातेल्यात एकाच आचेवर शिजलेला असतो. सोन्याचा खडक तसा शिजलेला नसतो.

आधी रीत थोडक्यात सांगतो. खडक दळून त्याची पिठासारखी पूड करतात. बहुतेक कण 75 मायक्रॉनपेक्षा बारीक व्हावे लागतात. त्यातली 30 किंवा 50 ग्रॅम पूड तोलून घेतात आणि तिच्यात मुरदाडशिंग (शिशाचा ऑक्साइड), सोडा, टाकणखार, वाळूची पूड व चमचाभर मैदा मिसळतात. मैदा ऐकून नवशिके नेहमी हसतात, पण सारी कळ त्या मैद्यातच आहे. भट्टीत त्याचा कार्बन होतो, तो मुरदाडशिंगातला प्राणवायू ओढून घेतो आणि मिश्रणभर शिशाचे बारीक थेंब सुटतात. हे थेंब वितळलेल्या दगडातून खाली उतरताना वाटेतले सोने-चांदी आपल्यात घेतात. सुमारे हजार अंशांवर तासभर ठेवून रस लोखंडी साच्यात ओतला की वर काचेसारखी मळी राहते आणि तळाशी शिशाची गोळी जमते. मळी हातोडीने झाडून गोळीला ठोकून चौकोनी आकार देतात.

मग ही गोळी हाडांच्या राखेच्या किंवा मॅग्नेशियाच्या खोलगट वाटीत, म्हणजे क्युपेलमध्ये, साडेनऊशे अंशांच्या आसपास ठेवतात. हवेने शिशाचा पुन्हा ऑक्साइड होतो, तो वितळतो आणि वाटी त्याला पिऊन टाकते. सोने व चांदी हवेला दाद देत नाहीत, त्यामुळे ती वर उरतात. वाटीच्या काठावर मुरदाडशिंगाचे पिसासारखे स्फटिक धरले तर आच बरोबर आहे असे समजावे. पिसे दिसली नाहीत तर आच जास्त आहे आणि थोडे सोनेही वाटीत चालले आहे. अगदी शेवटी त्या थेंबावरून रंगीत पट्टे झरझर फिरतात, थेंब एकदा लखकन चमकतो आणि थंड होतो. मागे राहतो तो मोहरीहून लहान मणी. त्यात चांदीही असते, म्हणून तो नत्राम्लात उकळतात. चांदी विरघळते, सोने राहते, ते तोलतात. यासाठी चांदी सोन्याच्या अडीच-तीन पट असावी लागते. ती कमी असेल तर सोन्याच्या आडोशाला लपलेल्या चांदीपर्यंत आम्ल पोहोचतच नाही, म्हणून चांदी मुद्दाम घालतात. चांदी काढण्यासाठी आधी चांदी घालणे हा व्यवहार आपल्यापैकी कोणाला नवा नाही.

यातले शिशाचे तत्त्व आपल्याकडे फार जुने आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अशुद्ध सोने चौपट शिसे घालून शुद्ध करावे असे स्पष्ट सांगितले आहे. त्याच ग्रंथात सोनाराने सोने चोरण्याचे पाच उपायही नोंदवले आहेत. तराजूतली लबाडी त्यात पहिली. त्या पाच उपायांकडे मला थोड्या वेळाने परत यायचे आहे. जाता जाता आणखी एक गोष्ट. ज्या जेम्स प्रिन्सेपने 1837 मध्ये अशोकाच्या ब्राह्मी लेखांचा उलगडा केला, तो पोटापाण्यासाठी टांकसाळीत धातुपरीक्षक होता, आधी बनारसला आणि मग कलकत्त्याला. भट्टीची आच मोजण्यावरचा त्याचा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीने 1828 मध्ये छापला. नाण्यांचा कस पाहता पाहता त्याला नाण्यांवरच्या अक्षरांचे वेड लागले. हा माणूस माझा फार लाडका आहे, पण त्याच्यावर बोलत राहिलो तर अध्यक्ष मला खाली बसवतील.

आता नमुन्याचे गणित बघा. टनाला एक ग्रॅम सोने असलेल्या खडकाच्या 30 ग्रॅम पुडीत सोने किती असेल? 30 मायक्रोग्रॅम. सोन्याचा एक दशांश मिलिमीटर बाजूचा एकच घनाकार कण धरला तर त्याचे वजन 19 मायक्रोग्रॅम भरते. म्हणजे त्या सबंध पुडीत असे दीड कण असायला हवेत, आणि दीड कण नावाची वस्तू जगात नाही. पुडी घेताना एक कण आला तर अहवाल निघेल 0.64 ग्रॅम, दोन आले तर जवळजवळ 1.3, तीन आले तर 1.9 आणि एकही आला नाही तर शून्य. कण दुप्पट बाजूचा असेल तर तो एकटा 154 मायक्रोग्रॅमचा, आणि मग त्याच खडकाचा अहवाल पाच ग्रॅम! भट्टी, तराजू, आम्ल, रसायनज्ञ यांपैकी कोणाचीही चूक नाही. सोने मऊ असल्यामुळे दळताना फुटण्याऐवजी चपटते, त्यामुळे ही अडचण चक्कीने पूर्ण सुटत नाही. फ्रान्सच्या पिएर जी यांनी नमुना किती मोठा हवा याचे शास्त्र 1950 च्या दशकापासून उभे केले. तरीही कोणी सद्गृहस्थ खिशातून सुपारीएवढा खडा काढून ‘यात किती सोने आहे ते सांगा’ म्हणतात आणि आम्ही सांगितलेला आकडा चौपट करून गावभर सांगतात. त्या खड्यात बहुधा सोन्यासारखे चमकणारे पायराइट असते, नाहीतर अभ्रक. अशा गृहस्थांना मी एक पोते दगड आणायला सांगतो. पोते घेऊन आलेले अजून कोणी पाहिलेले नाही. (हशा)

या सगळ्याचे सर्वांत मोठे उदाहरण ब्री-एक्सचे. ही कॅनडातल्या कॅल्गरीची एक लहानशी कंपनी, डेव्हिड वॉल्श तिचे प्रमुख. इंडोनेशियात, बोर्निओच्या पूर्व कालिमंतान भागात बुसांग नावाच्या जागी तिने 1993 मध्ये खाणीचे हक्क घेतले. जॉन फेल्डरहॉफ आणि मायकेल डी गुझमान हे भूवैज्ञानिक तिथले काम पाहत होते. नमुन्यांचे आकडे वाढत गेले, साठ्याचा अंदाज वाढत गेला आणि अखेर तो 7 कोटी औंसांवर गेला. म्हणजे सुमारे 2,200 टन सोने. आपल्या कोलारने शंभराहून अधिक वर्षांत दिलेले सोने 800 टनांच्या आसपास आहे. कंपनीची बाजारातली किंमत 6 अब्ज कॅनेडियन डॉलरपर्यंत पोहोचली. त्यात पैसे घालणाऱ्यांत ओन्टॅरिओच्या शिक्षकांचा पेन्शन फंडही होता.

जमिनीतून काढलेला खडकाचा दंडगोल, म्हणजे कोअर, लांबीने मधोमध कापतात. अर्धा प्रयोगशाळेत जातो, अर्धा पेटीत साक्षीदार म्हणून राहतो. बुसांगला जवळजवळ सगळा कोअर दळून टाकला जाई. सांगितलेले कारण असे, की इथले सोने जाड कणांचे आहे, तेव्हा नमुना जितका मोठा तितका चांगला. मी आताच केलेले गणित तेच सांगते! अगदी शास्त्रशुद्ध कारणाने साक्षीदार नाहीसा केला गेला होता. प्रयोगशाळेनेही मोठे नमुने घेऊन सोने मोजले, आणि बरोबर मोजले. पिशवीत सोने होतेच. ते डोंगरातून आलेले नव्हते. प्रयोगशाळेत पोहोचण्यापूर्वी पिशव्या उघडून त्यांत नदीच्या वाळूतले धुतलेले सोने मिसळले जात होते. किती लागत असेल? पाच किलोच्या पिशवीला टनी दोन ग्रॅमचा कस आणायला दहा मिलिग्रॅम पुरते. कौटिल्याने सोने काढून घेण्याचे पाच उपाय सांगितले. सोने घालून लुटण्याचा सहावा उपाय त्याच्याही लक्षात आला नव्हता.

आणि खूण समोर होती. नदीत वाहून आलेले सोन्याचे कण गोलसर होतात आणि त्यांच्या कडेची चांदी पाण्याने कमी झालेली असते. खडकातल्या कणाला अशी कड नसते. हे कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले गेले, त्यांचा गोलसरपणा नोंदवलाही गेला, आणि त्याला साजेसे भूवैज्ञानिक स्पष्टीकरणही मिळाले. आकडे मनासारखे असले की स्पष्टीकरणे कमी पडत नाहीत, हा अनुभव मी अनेक बैठकांत घेतला आहे. 1997 च्या जानेवारीत बुसांगच्या तळावर आग लागून नोंदी जळाल्या. भागीदारीसाठी आलेल्या फ्रीपोर्ट-मॅक्‌मोरान कंपनीने ब्री-एक्सच्या छिद्रांच्या अगदी शेजारी स्वतःची छिद्रे पाडली, तर सोने जवळजवळ नाहीच. 19 मार्चला डी गुझमान यांचा हेलिकॉप्टरमधून पडून मृत्यू झाला. आठवडाभरात फ्रीपोर्टचा निष्कर्ष जाहीर झाला आणि शेअर कोसळला. मे महिन्यात स्ट्रॅथकोना या तटस्थ सल्लागार संस्थेने अहवाल दिला, की नमुन्यांत झालेल्या इतक्या मोठ्या फेरफाराला खाणकामाच्या इतिहासात तोड नाही. वॉल्श 1998 मध्ये वारले. फेल्डरहॉफ यांच्यावर शेअर व्यवहारांबाबत खटला चालला आणि 2007 मध्ये ते निर्दोष सुटले. पिशव्यांत सोने घातल्याबद्दल शिक्षा कोणालाच झाली नाही.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटे म्हणतात. तेव्हा कबूल केलेला विषय आता धावतच मांडतो.

पहिले यंत्र एक्सआरएफ, म्हणजे क्ष-किरण पाडून धातू ओळखणारे, जे आज प्रत्येक मोठ्या पेढीवर असते. ते क्षणात टंच सांगते आणि दागिना फोडावा लागत नाही. पण सोन्यात त्याची दृष्टी केसाच्या जाडीइतकीही खोल जात नाही. जाड मुलामा त्याला शुद्ध सोने वाटतो. पाण्यात तोलून घनता काढावी, तर टंगस्टनची घनता 19.25 आणि सोन्याची 19.3, म्हणजे पोटात टंगस्टन भरलेली लगड तीही परीक्षा पार करते. भट्टीत मात्र नमुन्याचा कण न् कण वितळतो आणि शेवटी हाती येते ते खुद्द सोनेच, त्याचे वजन. बाकी यंत्रे प्रकाश किंवा किरण मोजतात आणि माहीत असलेल्या नमुन्याशी ताडून अंदाज देतात. म्हणूनच 16 जून 2021 पासून 256 जिल्ह्यांत हॉलमार्क सक्तीचा झाला तेव्हाही एक्सआरएफ चाळणीपुरते राहिले आणि कस ठरवण्याचा मान आयएस 1418 या भारतीय मानकातल्या भट्टीकडेच राहिला. ही रीत नीट केली तर हजारात अर्ध्या भागापर्यंत खरी उतरते. शिशाचा धूर आणि वाया जाणाऱ्या वाट्या हे तिचे खरे दोष आहेत. गलाईवाल्यांनी धुराड्यावरचा खर्च वाचवू नये, हे मी वयाच्या अधिकाराने सांगतो.

खडकाच्या बाबतीत उत्तर थोडे वेगळे आहे. तिथे भट्टीचा प्रतिस्पर्धी एक्सआरएफ नाही, मोठा नमुना आहे. 1887 मध्ये ग्लासगोला पेटंट घेतलेल्या सायनाइडच्या रीतीने अर्धा ते एक किलो पूड बाटलीत फिरवून सोने विरघळवता येते, म्हणजे जाड कणाचा लहरीपणा बराच आटोक्यात येतो. पण गारगोटीच्या पोटात बंद असलेले सोने सायनाइडला सापडत नाही, म्हणून उरलेला गाळ पुन्हा भट्टीतच घालावा लागतो. ऑस्ट्रेलियात विकसित झालेली फोटॉन अ‍ॅसेची पद्धत सुमारे अर्धा किलो नमुना न वितळवता जोरदार क्ष-किरणांनी काही मिनिटांत तपासते आणि नमुना जसाच्या तसा परत देते. भट्टीला खरी स्पर्धा होईल ती हिची.

पण कोणतीही रीत घ्या, प्रत्येक जुडग्यात एक कस माहीत असलेला नमुना, एक सोने नसलेला नमुना आणि एक त्याच खडकाचा दुसरा भाग नाव न लिहिता मिसळलेला असावा. कोअरचा अर्धा भाग कुलपात राहावा. पिशवी कोणी भरली, कोणी शिवली, कोणाच्या ताब्यात किती वेळ होती, हे अहवालात आकड्याच्या शेजारी लिहिलेले असावे. आणि पिशवी भरणाऱ्या माणसाला निदान भट्टीवाल्याइतका पगार असावा.

लेखी प्रश्न माझ्याकडे पोहोचले आहेत. पहिलाच प्रश्न आहे, ‘आपल्या काळ्या दगडात सोने निघेल का?’ पोते आणले आहे का?