घर्षणांक एकट्या पदार्थाचा नसतो

श्रोतेहो, शालेय पुस्तकांत घर्षणांकांचा, म्हणजे घासताना होणारा विरोध दाबणाऱ्या बलाच्या किती पट आहे हे सांगणाऱ्या आकड्यांचा, तक्ता छापलेला असतो: पोलादावर पोलाद इतका, लाकडावर लाकूड इतका. तो पाहिल्यावर घर्षणांक म्हणजे घनतेसारखा किंवा वितळणबिंदूसारखा पदार्थाचा स्वतःचा गुणधर्म आहे, अशी समजूत होते; आणि कमी घर्षणाच्या लेपांवर काम करू लागलेल्या विद्यार्थ्याला सर्वप्रथम हीच समजूत सोडावी लागते. जेमतेम एक-दोन मायक्रोमीटर जाडीचा थर किती निसरडा ठरेल, हे समोर घासणारा पृष्ठभाग, भोवतालची हवा, तापमान आणि त्या थराने आजवर सोसलेली झीज या सर्वांवर मिळून अवलंबून असते.

ग्रॅफाइट घ्या. त्याचे अणुस्तर एकमेकांवरून सहज सरकतात म्हणून ते निसरडे, असे आपण शिकलो. हे खरे आहे, पण अपुरे आहे. दुसऱ्या महायुद्धात विमाने फार उंचावरून उडू लागली, तेव्हा त्यांच्या जनरेटरमधील कार्बनचे ब्रश (फिरत्या भागाला टेकून वीज वाहून नेणारे ग्रॅफाइटयुक्त ठोकळे), जे जमिनीवर उत्तम चालत, ते झपाट्याने झिजून त्यांची भुकटी होऊ लागली. त्या उंचीवरच्या हवेत बाष्प जवळजवळ नव्हते. स्तरांच्या कडांवरील कार्बन अणूंचे मोकळे बंध पाण्याच्या रेणूंनी झाकले गेले, तरच ग्रॅफाइटचा निसरडेपणा टिकतो. मॉलिब्डेनम डायसल्फाइड या तशाच स्तरांच्या कोरड्या वंगणाचे वागणे नेमके उलट आहे. दमट हवेत त्याचा घर्षणांक 0.1 च्या वर जातो, निर्वातात 0.05 च्या खाली येतो, आणि 1993 साली फ्रान्समधील ल्यों येथील संशोधकांनी अतिशय शुद्ध थर अतिनिर्वातात तपासला, तेव्हा तो हजारांशाच्या पातळीवर उतरला. अंतराळयानांत हा लेप वापरतात तो त्यामुळेच.

परंतु यान उड्डाणापूर्वी दीर्घ काळ आपल्याच हवेत असते. गुरूकडे निघालेल्या गॅलिलिओ यानाची 4.8 मीटर व्यासाची मुख्य अँटेना छत्रीसारखी मिटवलेली होती. एप्रिल 1991 मध्ये ती उघडण्याची आज्ञा दिली गेली, पण तिच्या 18 काड्यांपैकी काही अडकून राहिल्या. चौकशीत सर्वांत संभाव्य ठरलेले कारण मला आजही अस्वस्थ करते. जानेवारी 1986 मधील चॅलेंजर या अमेरिकी अंतराळयानाच्या अपघातामुळे उड्डाण लांबले, यान फ्लोरिडाहून कॅलिफोर्नियाला परत नेऊन पुन्हा आणावे लागले, आणि ट्रकच्या त्या प्रवासांतील हादऱ्यांनी काड्यांच्या पिनांवरचा मॉलिब्डेनम डायसल्फाइडचा कोरडा लेप घासून काढला. हवेत हा लेप निर्वातातल्यापेक्षा फार लवकर झिजतो. पुढे अवकाशात उघडा धातू धातूला पकडून बसला. मुख्य अँटेना कधीच पूर्ण उघडली नाही. लहान अँटेना आणि माहितीचे संक्षेपण यांच्या आधारे मोहीम पार पाडावी लागली.

हिरकसदृश कार्बनच्या, म्हणजे काही अंशी हिऱ्यासारखे बंध असलेल्या कठीण कार्बनच्या, लेपांतही हेच सूत्र दिसते. शिकागोजवळच्या आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत अली एर्डेमिर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्लाझ्मामध्ये (विद्युतभारित कणांच्या वायूत) 25 टक्के मिथेन आणि 75 टक्के हायड्रोजन वापरून थर तयार केले, तेव्हा कोरड्या नायट्रोजनमध्ये 0.003 किंवा त्याहूनही कमी घर्षणांक मिळाला. अॅसिटिलीनपासून बनवलेल्या, हायड्रोजन कमी असलेल्या थराचा घर्षणांक मात्र 0.27 च्या आसपास होता. हायड्रोजन पृष्ठभागावरील मोकळे बंध बांधून टाकतो आणि समोरासमोरचे पृष्ठभाग एकमेकांना धरत नाहीत. पण याच उत्तम थरावर दमट हवा सोडली की घर्षण कित्येक पटींनी वाढते. हायड्रोजनविरहित थर याच्या उलट, दमट हवेत सौम्य आणि निर्वातात अत्यंत खरखरीत. म्हणून घर्षणांकाचा आकडा कुणी सांगितला, तर तो कोणत्या हवेत आणि कशासमोर घासून मोजला, हे विचारल्याशिवाय मी तो स्वीकारत नाही.

दोन्ही परिस्थितींत चालणारा एकच लेप हवा असेल, तर दोन्ही स्वभावांचे पदार्थ एकाच थरात गुंफावे लागतात. अमेरिकी हवाई दलाच्या संशोधन प्रयोगशाळेत कठीण टंगस्टन कार्बाइड, हिरकसदृश कार्बन आणि मॉलिब्डेनम डायसल्फाइडसारखेच स्तर असलेले टंगस्टन डायसल्फाइड यांचे अतिसूक्ष्म कण एकत्र करून असे लेप केले गेले. दमट हवेत त्यांच्या पृष्ठभागावर ग्रॅफाइटसारखा कार्बन तयार होतो, कोरड्या वातावरणात डायसल्फाइडचे स्तर घासण्याच्या दिशेला समांतर मांडले जातात, आणि ही अदलाबदल घासण्याच्या क्रियेतूनच घडते.