खिडकीमागचे ५०० तास

(दृश्य: ओपीडीची रांग. हातात केसपेपर, पिशव्या, कडेवर पोरं.)

सकाळचे साडेनऊ. पेठ, सुरगाणा या तालुक्यांतल्या पहिल्या गाड्या नाशकात कधीच्या येऊन गेल्या. केसपेपर काढून झाला, डॉक्टरांनी तपासलं, आता उरली औषधांची खिडकी. रांग सगळ्यात लांब इथंच असते आणि माणसं सगळ्यात जास्त वैतागलेलीही इथंच असतात.

खिडकीच्या आत पांढऱ्या एप्रनमधल्या ज्या दोघी दिसताहेत, त्या रुग्णालयाच्या कर्मचारी नाहीत. डी.फार्मचा, म्हणजे फार्मसीच्या डिप्लोमाचा, अभ्यासक्रम उरकून त्या हॉस्पिटल ट्रेनिंगला आल्या आहेत. नियम असा, की निदान ३ महिन्यांत मिळून ५०० तास काम करायचं आणि त्यातले निदान २५० तास प्रत्यक्ष चिठ्ठी वाचून औषध देण्यात घालवायचे. तोवर फार्मासिस्ट म्हणून नोंदणी नाही, आणि नोंदणी नसेल तर १९४८ च्या फार्मसी कायद्यानुसार चिठ्ठीवरचं औषध स्वतःच्या जबाबदारीवर देता येत नाही.

(दृश्य: कात्री, स्ट्रिप. अगदी जवळून.)

आता हात बघा. दहाच्या स्ट्रिपमधून सहा गोळ्या द्यायच्यात. कात्री कुठून लावायची? बॅच नंबर आणि मुदतीची तारीख बहुतेक वेळा एका टोकालाच छापलेली असते. ते टोक कापून दिलं, की मागं उरलेल्या चार गोळ्या बेवारस. कुठल्या बॅचच्या, कधीपर्यंतच्या, कुणाला कळणार? म्हणून छापील टोक मागं ठेवायचं आणि तारीख रुग्णाच्या पाकिटावर पेनानं लिहायची. ही गोष्ट त्यांना शिकवणाऱ्या इथल्या मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितली होती म्हणे. हाताला वळण पडायला मात्र बरेच दिवस लागले.

पाकिटावर आणखी एक काम असतं. डॉक्टर लिहितात १-०-१, म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. ज्यांना अक्षरओळख नाही त्यांच्यासाठी उगवता सूर्य, डोक्यावरचा सूर्य आणि चंद्र काढायचे आणि ज्या वेळेला गोळी घ्यायची तिथं खूण करायची. या मुलीचा चंद्र जरा भाकरीसारखा येतो, पण काम भागतं.

(दृश्य: आजी आणि इनहेलरचं मशिन. इथं मूळ आवाज ठेवावा.)

दम्याच्या या कॅप्सूल मशिनमध्ये घालून ओढायच्या असतात. आजी त्या पाण्याबरोबर घेत होत्या. ‘म्या तं गिळीतच व्हते, पोरी.’ मुलगी समजावायला लागते, तेवढ्यात मागून मॅडमचा आवाज येतो, ‘नुसतं सांगू नकोस गं, त्यांच्याकडून करवून घे.’ मग आजी मशिन फिरवतात, श्वास सोडतात, तोंडाला लावून ओढतात, दम रोखतात. पहिल्यांदा जमत नाही. रांगेतले लोक कुरकुरतात. दुसऱ्यांदा जमतं.

लहान मुलांच्या अँटिबायोटिकच्या कोरड्या पावडरचंही तसंच. आधी बाटली हलवून पावडर सुटी करायची, मग उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत, एकदम न ओतता दोनदा. अमॉक्सिसिलिन असेल तर तयार झाल्यावर साधारण ७ दिवस चालतं, पुढं टाकून द्यायचं. बऱ्याच घरांत ते पुढच्या तापासाठी जपून ठेवतात.

(दृश्य: भांडारातली जुनी बाटली.)

ही बाटली आम्हाला अचानक सापडली, म्हणून थोडं विषयांतर. कंपाउंडरच्या काळात मिक्श्चर रुग्णासमोर बनायचं. कागदाची पट्टी दुमडून कडा कातरायच्या, ती बाटलीला उभी चिकटवायची. एक कंगोरा म्हणजे एक डोस. मोजायला चमचा लागत नसे. ते काम बघूनच शिकायचं असे. पुढं अभ्यासक्रम आले, १९९१ चे शिक्षण नियम आले, २०२० चे आले. २०२२ च्या नियमांनी डी.फार्मनंतर एक्झिट परीक्षाही आणली. तीन पेपर, पर्यायांवर खूण करायची. परीक्षा असावीच. पण आजींना मशिन ओढायला लावता येतं का, हे पर्यायांतून कसं तपासणार?

(दृश्य: रॅक, मग फ्रिज.)

मेटफॉर्मिन शुगरचं, मेट्रोनिडाझोल जंतुसंसर्गाचं. घाईत वाचलं, अक्षर वाईट असलं, की हात भलत्या खोक्यावर जातो. म्हणून ही दोन खोकी इथं मुद्दाम वेगवेगळ्या रॅकवर. संधिवातासाठी दिलेली मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा घ्यायची असते. रोज घेतली तर जीवावर बेतू शकतं.

फ्रिज २ ते ८ अंशांवर. सकाळ-संध्याकाळ तापमान वहीत. इन्सुलिन बर्फाच्या कप्प्याला टेकवायचं नाही, दारात ठेवायचं नाही. एकदा गोठलं की वितळवून वापरायचं नाही. नवीन माल मागं, लवकर मुदत संपणारा पुढं.

(दृश्य: गोळे कॉलनी, हातगाड्यांवर खोकी.)

हे सगळं बाहेर शिकता येत नाही का? गोळे कॉलनीत औषधांचा होलसेल बाजार आहे. माल कसा फिरतो, बिल कसं बनतं, परत कसा जातो, ते तिथं उत्तम कळतं. पण तिथं आजी भेटत नाहीत. वॉर्डातून आलेलं इंडेंट, म्हणजे औषधांची मागणी, आणि त्यावरचा डोस चुकीचा वाटला तर फोन उचलून सिस्टरला विचारायची हिंमत, हे रुग्णालयातच येतं. काहींचे ५०० तास कुठल्याशा काउंटरवर सही-शिक्क्यानं एका दुपारीत भरतात, हे या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. त्याचं चित्रण अर्थातच कुणी करू दिलं नाही.

(दृश्य: ट्रेनिंगची वही, सह्या.)

दोघींचे तास आता भरत आलेत. इथं त्यांना पगार नाही, येण्या-जाण्याचा खर्च घरचाच. एकीला रुग्णालयातच नोकरी हवी आहे, जागा निघायची वाट बघतेय. दुसरी सुरगाण्याकडची. नोंदणी झाली की तिला गावाजवळच्या बाजारपेठेत मेडिकल टाकायचंय. गाळा बघून झालाय. फ्रिज मात्र नवाच घ्यायचा, जुना चालणार नाही, असं तिनं वडिलांना बजावून ठेवलंय.