छोट्या पाणी कंपनीचं कर्ज आणि आयोगाची परवानगी

मंडळी, आपल्याकडे नळाचं पाणी म्हटलं की ग्रामपंचायत नाहीतर नगरपालिका आठवते. कॅलिफोर्नियात खाजगी मालकीच्या पाणी कंपन्याही आहेत, आणि काहींचे नळजोड 500 सुद्धा नाहीत. तिथला नियामक, म्हणजे पब्लिक युटिलिटीज कमिशन, त्यांना डी क्लास म्हणतो. अशा कंपनीच्या विहिरीत आर्सेनिक निघालं तर शुद्धीकरण संचाला पैसे आणायचे कुठून? बँक सहसा तयार होत नाही. उरतो राज्याचा पिण्याच्या पाण्याचा फिरता निधी, म्हणजे परत आलेल्या हप्त्यांतून पुन्हा नवी कर्जं देणारा. 1996 च्या संघीय कायदादुरुस्तीतून आलेला हा निधी कमी व्याजानं, लांब मुदतीचं कर्ज देतो.

परतफेडीची मुदत 12 महिन्यांच्या वर गेली की आधी आयोगाचा आदेश हवा. ते राज्याच्या पब्लिक युटिलिटीज कोड या कायद्याचं कलम 818. आदेशाविना काढलेलं कर्जपत्र कलम 825 नुसार रद्दबातल. मालमत्ता तारण ठेवायची तर कलम 851 वेगळं. शुल्कही आहे: पहिल्या 10 लाख डॉलरपर्यंत दर हजारी 2 डॉलर.

आयोग आधी पैशाचं काम विचारतो. टाकी, वाहिनी, पंप चालतं. विजेची थकबाकी आणि पगार, आदेशात खास मुभा नसेल तर, चालत नाहीत. आजची वीज 20 वर्षांच्या कर्जात घातली, तर जे अजून राहायलाही आले नाहीत ते तिचं बिल भरत बसतील. ही अट मला सगळ्यात शहाणी वाटते.

आता हप्ता. समजा कर्ज 6 लाख डॉलर, व्याज 2 टक्के, मुदत 20 वर्षं, नळजोड 300. वर्षाचा हप्ता साधारण 36,700 डॉलर. वर एका वर्षाच्या हप्त्याएवढी गंगाजळी पहिल्या 10 वर्षांत साठवायची धरली, तर 10 टक्के वाढवा. दर नळजोडामागे महिना सुमारे 11 डॉलर 20 सेंट. हा अधिभार बिलावर वेगळ्या ओळीत दाखवायचा आणि वेगळ्या खात्यात ठेवायचा.

खरी मेख पुढे आहे. खाजगी पाणी कंपनीला स्वतः गुंतवलेल्या भांडवलावर, म्हणजे रेट बेसवर, परतावा मिळतो. इथे संच ग्राहकांच्या अधिभारातून फेडला जातोय. म्हणून तो रेट बेसमध्ये धरत नाहीत आणि त्याचा घसाराही दरात लावत नाहीत. नाहीतर लोक एकाच टाकीचे पैसे दोनदा भरतील. जुन्या हिशेबवहीत ही टाकी बाकीच्या मालमत्तेत मिसळलेली असली, तर पुढच्या दरवाढीच्या अर्जात ती हळूच डोकं वर काढते. तपासनिसानं पहिल्यांदा तिथेच बोट ठेवावं.

बाकी घोटाळे ओळखीचे. निविदा अंदाजापेक्षा वर गेली की मंजूर रक्कम पुरत नाही आणि पुन्हा अर्ज करावा लागतो. त्यामुळे आकस्मिक खर्चाची तरतूद आधीच दाखवावी. 300 पैकी 20 घरं बंद पडली तर वसुली तितकीच घटते, हप्ता मात्र घटत नाही. म्हणून अधिभाराची रक्कम खात्यातल्या शिलकीशी दरवर्षी ताडून पाहावी आणि तूट साठण्याआधीच बदल मागावा. गंगाजळीला मध्येच हात लावला नाही, तर शेवटचे हप्ते तिच्यातून जातात आणि अधिभार थोडा आधी थांबवता येतो.