दोन खंजीर आणि एक टोपी

श्रोतेहो, नमस्कार. साधारण आपल्या रुपयाएवढं आणि ८ ग्रॅमच्या आसपास वजनाचं एक सोन्याचं नाणं डोळ्यांसमोर आणा. एका बाजूला ब्रुटसचा, म्हणजे ज्यूलियस सीझरच्या एका मारेकऱ्याचा, चेहरा. दुसऱ्या बाजूला दोन खंजीर, मध्ये एक गोल टोपी आणि खाली सहा लॅटिन अक्षरं : 'ईद मार', म्हणजे १५ मार्च. इसवीसनपूर्व ४४ मध्ये याच दिवशी ज्यूलियस सीझरचा खून झाला. गुलामाला मुक्त केलं की रोममध्ये तो अशी टोपी घाली. रोमची सुटका झाली, ती या खंजिरांनी, असं हे नाणं उघडपणे सांगतं. खुनाचा असा अभिमान मिरवणारं दुसरं रोमन नाणं नाही.

त्यातला विरोध मात्र डोळ्यांत भरतो. जिवंतपणी स्वतःची छबी रोमच्या नाण्यावर उमटवणारा पहिला रोमन सीझरच. त्यात राजेपणाचा वास येतो म्हणून लोक बिथरले होते. दोनच वर्षांत ब्रुटसनेही तेच केलं.

ही नाणी इसवीसनपूर्व ४२ च्या सुमारास, ब्रुटसच्या सैन्याबरोबर फिरणाऱ्या टांकसाळीत पडली. एक ठसा ऐरणीत पक्का बसवायचा, त्यावर सोन्याची चकती, वर दुसरा ठसा आणि हातोड्याचा घाव. चकती जराशी सरकली की अक्षरं कडेबाहेर जातात. घाव पडताना ठसा उडाला की चित्र दुहेरी उमटतं. म्हणून खरी रोमन नाणी क्वचितच अगदी गोल असतात. ऑक्टोबरमध्ये ग्रीसमधल्या फिलिपीच्या रणांगणावर ब्रुटस हरला, त्याने आत्महत्या केली आणि ही टांकसाळही संपली. याच छापाचे चांदीचे दिनार आज शंभराच्या घरात आहेत, पण सोन्याची नाणी जगात फक्त तीन ठाऊक आहेत. त्यांतल्या एकाला वरच्या कडेशी भोक आहे. आपल्याकडे पुतळ्या ओवतात तसं तेही कुणीतरी गळ्यात घातलं असावं.

इतकं दुर्मीळ नाणं म्हटल्यावर नकला होणारच. पहिली कसोटी पाण्याची. नाणं आधी हवेत तोला, मग बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून, भांड्याला टेकू न देता तोला. ८ ग्रॅम शुद्ध सोन्याचं वजन पाण्यात सुमारे ०.४१ ग्रॅमने घटतं. मुलामा दिलेलं शिसं असेल तर घट ०.७ ग्रॅमपर्यंत जाते. नाण्याला हवेचा बुडबुडा चिकटला की घट जास्त दिसते आणि खरं नाणंही खोटं ठरतं, म्हणून आधी ते हलवून बुडबुडे काढा. मग भिंगाखाली पाहा. ओतीव नकलेवर बारीक खड्डे आणि कडेला सांध्याची रेघ सापडते. खऱ्या सोन्यात नव्या ठशांनी पाडलेली नक्कल मात्र या दोन्ही कसोट्यांतून सुटते. तिथे ज्ञात नाण्यांशी ठशांची रेघन् रेघ ताडून पाहावी लागते.

आणि नाणं खरं असलं तरी त्याचे कागद खरे असतीलच असं नाही. २०२० साली यांतलं एक नाणं लंडनच्या लिलावात ३२ लाख पौंडांवर गेलं. ते एका जुन्या युरोपीय संग्रहातलं आहे, असं सांगितलं होतं. पुढे तो इतिहास बनावट ठरला आणि मार्च २०२३ मध्ये अमेरिकेने ते नाणं ग्रीसच्या स्वाधीन केलं. ते जमिनीतून नेमकं कुठे निघालं, शेजारी काय होतं, हे मात्र चोरून उकरणाऱ्यांनी कायमचं पुसून टाकलं.