पेटी विकायची की ठेवायची?

श्रोतेहो, नमस्कार.

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या कुठल्याही जुन्या गावात चार घरं फिरा, एखाद्या घरात कपाटावर किंवा माळ्यावर चादरीत गुंडाळलेली पेटी, म्हणजे हार्मोनियम, सापडेलच. आजोबा भजनाला वाजवायचे, वडिलांनी थोडीफार चालवली, पोरगं पुण्याला नाहीतर नाशिकला नोकरीला. ‘पेटी शे, पन वाजाडस कोन?’ दिवाळीच्या साफसफाईत हा विषय निघतो आणि भाऊबीज झाली की पेटीसकट पुन्हा माळ्यावर जातो. आज तोच विषय जरा नीट खाली उतरवू.

लोकांना वाटतं, ठेवली म्हणजे सांभाळली. पेटीचं तसं होत नाही, आणि आपल्याकडे तर मुळीच नाही. भुसावळ-जळगावचा उन्हाळा ४५ अंशांच्या घरात जातो. हवा इतकी कोरडी होते की सागवानसुद्धा आकसतं, फळ्यांचे सांधे उघडतात, जुना सरस सुटतो. जुलैमध्ये तेच लाकूड पाणी पिऊन फुगतं आणि पट्ट्या एकमेकींना घासू लागतात. पत्र्याखालचा माळा ही पेटी ठेवायची सगळ्यात वाईट जागा. दुसरी वाईट जागा म्हणजे कूलरसमोरची खोली. दुपारभर ओली हवा, रात्री कूलर बंद, पुन्हा कोरडं. हे चढउतार रोजचे. चामडं कडक होतं, फेल्टला कसर लागते, आतल्या पितळी सुरांवर, म्हणजे आवाज काढणाऱ्या पात्यांवर, कळंक चढतो. पाच-सात वर्षं अशी गेली की विकायला काढलेली वस्तू पेटी राहत नाही, पेटीच्या आकाराचं लाकूड राहतं.

म्हणून विकायची की नाही हे ठरवण्याआधी तिची तपासणी करा. अर्धा तास पुरतो आणि कारागीर लागत नाही.

आधी भाता. सगळे स्टॉपर, म्हणजे समोरच्या ओढायच्या खुंट्या, आत ढकलून बंद करा, भाता मारून आतला भाता पूर्ण भरा आणि हात काढून घ्या. भाता मारायला जड गेला आणि हवा टिकून राहिली तर ठीक. लगेच भुस्सकन बसला तर भात्याच्या घड्या फाटल्यात, कोपऱ्यांचं चामडं चिरलंय किंवा हवेच्या खोक्याचा सांधा उघडलाय. आता स्टॉपर बाहेर ओढा (एकच सूर सतत धरून ठेवणारे असतील तर ते बंदच राहू द्या) आणि एकही पट्टी न दाबता हेच पुन्हा करा. स्टॉपर बंद असताना हवा टिकते आणि उघडल्यावर जाते, असं असेल तर गळती पट्ट्यांखालच्या चामड्यातून आहे. हा फरक लक्षात ठेवा, कारण दोन्ही दुरुस्त्यांचा खर्च वेगळा आहे आणि न पाहता ‘सगळा भाता बदलावा लागेल’ म्हणणारे भेटतात. शेवटी भाता एकदाच भरून मध्य सप्तकातली एक पट्टी दाबून धरा. सूर पंधरा सेकंद तरी टिकला, तर पेटीची हवा चांगली आहे असं समजा.

मग सूर. नेहमीची पेटी ३९ किंवा ४२ पट्ट्यांची, म्हणजे सव्वातीन किंवा साडेतीन सप्तकांची. दोन सुरी, म्हणजे एका पट्टीला दोन सूर असतील, तर ४२ पट्ट्यांना ८४ सूर, तीन सुरी असेल तर १२६. खर्ज, नर, मादी (खालचा, मधला, वरचा) असा सुरांचा एकेक संच स्टॉपरने वेगळा उघडा आणि डावीकडून उजवीकडे प्रत्येक पट्टी वाजवा. वही घ्या आणि खडूने पट्ट्यांना नंबर घाला. एखादा सूर बोलतच नसेल, तर बहुतेक वेळा त्याची जीभ, म्हणजे थरथरणारी पातळ पाती, आणि पितळी चौकट यांच्यामध्ये धूळ किंवा दोरा अडकलेला असतो. हे स्वस्तात निघतं. पण टाचणी घालू नका. जीभ किंचित वाकली तरी सूर खरखरतो. पट्टी न दाबता सूर बोलत राहिला, तर खालचं चामडं आटलंय, स्प्रिंग सैल झालीय किंवा पट्टी वाकलीय. हेही सुधारतं. काळजीचा सूर तो, जो बाकीच्यांशी जुळत असताना अचानक खाली उतरला. जिभेला बुडाशी चीर गेली की सूर असा पडतो. तो पुन्हा मिळवून उपयोग नाही, थोड्याच दिवसांत जीभ तुटते. असे एक-दोन असतील तर बदलता येतात. दहा-बारा असतील तर हिशोबच वेगळा.

सूर मिळवणं म्हणजे नेमकं काय, तेही सांगतो. जिभेच्या टोकाकडून धातू किंचित खरवडला की सूर चढतो, बुडाशी खरवडला की उतरतो. दरवेळी थोडा धातू जातोच. ज्या पेटीचे सूर तीस वर्षांत अनेक हातांनी खरवडले, तिच्या जिभा पातळ झालेल्या असतात आणि आवाज पोचट येतो. म्हणूनच विकण्याआधी उगाच सगळी पेटी मिळवून घेऊ नका. घेणारा त्याच्या कानाप्रमाणे पुन्हा मिळवणार, म्हणजे धातू दोनदा जाणार.

आता आत काय आहे ते. पितळी सूर कुठले, यावर किंमत बरीच फिरते. फ्रान्समधल्या कॅसरिएलच्या पेट्या आणि जर्मन सूर यांचं नाव जुन्या वादकांमध्ये आजही आहे. आपल्याकडे गुजरातमधल्या पालीताण्याचे सूर पुष्कळ पेट्यांमध्ये बसवलेले सापडतात आणि त्यातले चांगले खरोखर चांगले असतात. पण गावोगावी प्रत्येक जुनी पेटी ‘जर्मन’च असते हो! नुसत्या त्या शब्दावर भाव चढवू नका, आणि घेणाऱ्यानेही नावावर जाऊ नये. अगदी हलक्या हवेवर सूर लगेच उठतो का, खालच्या सप्तकात अडखळतो का, वरच्या सप्तकात किंचाळतो का, यावरून जास्त कळतं. आतली फळी उघडून शिक्का बघायचा असेल तर कारागिरासमोर बघा, आणि उघडायच्या आधी फोनवर फोटो काढून ठेवा. जुने सूर काढून नवे घालून दिल्याचे प्रकार होतात. पेटी घरी आल्यावर ते कळत नाही.

एक मुद्दा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पेटी कशी मिळवलेली आहे? शास्त्रीय गाण्याच्या साथीच्या पेट्या पुष्कळदा गंधार ट्यूनिंगच्या असतात, म्हणजे एक ठरावीक षड्ज (सा) धरून त्याप्रमाणे सगळे सूर लावलेले. काळी एक ही पट्टी सा धरून लावलेली अशी पेटी भजनी मंडळाला विकली आणि तिथे एक बुवा पांढरी चारमध्ये, दुसरे काळी पाचमध्ये गायला लागले, की पेटी बेसूर म्हणून परत येते. दोष पेटीचा नसतो. सगळ्या पट्ट्यांना सारख्या अंतराने लावलेली पेटी कुठल्याही पट्टीतून चालते, फक्त बारीक कानाला तिचा गंधार थोडा चढा लागतो. पेटीच्या सुरांवरून होणारं हे भांडण जुनंच आहे. याच आकाशवाणीवर १९४० साली पेटीला बंदी आली आणि ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. त्या तीस वर्षांत खेडोपाडीच्या भजनात मात्र पेटी वाजतच राहिली.

तपासणी झाली की वहीत तीन रकाने होतील: स्वस्तात सुधारणारं, महाग पडणारं, न सुधारणारं. कारागिराकडून भाता, चामडं आणि बंद सूर एवढ्याच दुरुस्तीचा आकडा लेखी घ्या. तेवढ्या पट्ट्यांची आणि तेवढ्या सुरांची नवी पेटी कितीला मिळते ते दोन दुकानांत विचारा. सूर जुने आणि दमदार असतील तर दुरुस्ती नव्याच्या निम्म्यापर्यंत गेली तरी करावी, असं आमचं मत. प्लायवूडची, साध्या सुरांची पेटी असेल तर पाव भागापुढे खर्च करू नये.

मग घरातला प्रश्न. पुढच्या वर्षभरात आठवड्याला दहा मिनिटं ती वाजवणारं कुणी आहे का? वाजवता येणं जरुरीचं नाही. सगळे स्टॉपर उघडून प्रत्येक पट्टी दाबली, भाता हलता ठेवला, तरी चामडं मऊ राहतं आणि जिभांवर धूळ बसत नाही. एवढं करणारा माणूस असेल तर ठेवा. जागा आतल्या भिंतीजवळ, जमिनीपासून वर, सुती कापडात. प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, पावसाळ्यात आत दमट राहतं. चामड्याला खोबरेल लावू नका. कडुनिंबाचा पाला कापडाच्या बाहेर ठेवा, आत ठेवलात तर त्याचाच चुरा सुरांमध्ये जाऊन बसतो.

असा माणूस नसेल, पण पेटी घरातून जाऊ नये असं वाटत असेल, तर गावच्या भजनी मंडळाला किंवा शाळेला वापरायला देता येते. मात्र कागद करा: पेटी कुणाची, दुरुस्ती कोण करणार, परत कधी मागता येईल. आणि एक स्पष्ट सांगतो, दुर्मीळ सुरांची पेटी सप्ताहाच्या मांडवात देऊ नका. ट्रॉलीतली ने-आण, मांडवातली धूळ, दहा हातांचा भाता. तिथे साधी पेटीच बरी.

विकायचीच ठरली, तर आधी भावंडांना विचारा. वडिलांच्या मागे राहिलेली पेटी एकट्या तुमची नसते, आणि विकल्यावर उठलेला वाद पेटीच्या किमतीपेक्षा महाग पडतो. दिवाळीनंतर ते माघ महिन्यापर्यंतचा काळ चांगला. लाकूड ठिकाणावर असतं, पट्ट्या अडकत नाहीत. पॉलिश करून चकचकीत करू नका, जाणकाराला त्यात लपवाछपवी दिसते. दुकानदार जुन्याच्या बदल्यात नवी देतो म्हणेल, तिथे जुनीचा आकडा वेगळा मागा. जवळच्या शहरातल्या गायन-वादन वर्गांत विचारलंत तर वाजवणारं गिऱ्हाईक भेटण्याची शक्यता जास्त. त्याला बसवून अर्धा तास वाजवू द्या आणि तुमची दोषांची वही त्याच्यापुढे ठेवा. घासाघीस तिथेच संपते.

फोनवर जाहिरात दिलीत तर लांबचा माणूस ‘पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करा, पिन टाका’ म्हणेल. पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन टाकलात की पैसे तुमच्याच खात्यातून जातात. रोख किंवा खात्यात जमा झाल्याशिवाय पेटी हलवू नका. पावतीवर पट्ट्या किती, सूर किती, दोष कोणते, ‘जशी आहे तशी विकली’ आणि दोघांच्या सह्या.

नेताना सगळे स्टॉपर बंद करायला सांगा, भात्याच्या कड्या लावायला सांगा, स्केल चेंजर (सगळ्या पट्ट्या सरकवून सूर बदलायची सोय) असेल तर त्याची पट्टी मूळ जागेवर आणून अडकवा. पेटी बुडावरच ठेवायची, उभी किंवा आडवी नाही. मोटारसायकलच्या टाकीवर तर नाहीच. एरंडोल-पारोळ्याकडच्या रस्त्याने जाणार असेल, तर खाली घडी केलेली गोधडी टाकून द्या.

नमस्कार.