निळी बॅग

(दृश्य: सोलापूर बसस्थानक, पहाट. दोन बॅगा घेतलेली एक तरुणी उमरग्याच्या गाडीत चढते.)

गाडीत चढतेय ती मी नव्हे. तिच्या खांद्यावरची निळी बॅग मात्र माझी आहे.

काळ्या बॅगेत औषधांची सॅम्पल्स असतात. निळीत थर्माकोलचा लहान खोका, गोठवलेले जेल पॅक, झाकणाच्या तीन बाटल्या आणि हाताने चालवायचा पंप. माझ्या वेळी त्यात आणखी एक वस्तू असायची, माझ्या मुलीचं न धुतलेलं दुपटं.

मी एमआर आहे, औषध कंपनीची प्रतिनिधी. हेडक्वार्टर सोलापूर. मोहोळ, अक्कलकोट, पंढरपूर हे सकाळी जाऊन रात्री परत. उमरगा, निलंगा, लातूर हा दौरा दोन मुक्कामांचा, महिन्यातून दोनदा. मुलगी पाच महिन्यांची असताना मी कामावर परतले आणि ती एकोणीस महिन्यांची होईपर्यंत तिला अंगावर पाजलं. हे कसं करतात, ते मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून मी सांगतेय.

आधी रजेचा हिशोब. प्रसूती लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे पगारी रजा मिळते. विक्री प्रतिनिधींसाठीच्या १९७६ च्या कायद्याने हा हक्क आम्हालाही मिळाला. पण शेवटच्या महिन्यात खड्ड्यांतून एसटीचा प्रवास झेपेना, म्हणून चार आठवडे आधीच घरी बसले. उरले २२. सहा महिने बाळाला फक्त आईचं दूध द्या, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. माझी रजा त्याआधीच संपली.

बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोन वेळा पाजण्यासाठी सुट्टी घेता येते, हेही कायद्यात आहे. मी ते कलम कितीदा वाचलं. बाळ सोलापुरात, मी निलंग्यात. त्या सुट्टीत मी पाजू कुणाला? कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कारखाना होता, कचेरी होती, पाळणाघर होतं. जिचं ऑफिस खांद्याला लटकलेलं असतं, ती बाई नव्हती.

(दृश्य: स्वयंपाकघर. आजी गरम पाण्याच्या पातेल्यात बाटली धरून उभी.)

रजा संपायच्या महिनाभर आधी मी दूध काढून साठवायला लागले. सासूबाईंना ते पटेना. "अगं, शिळं दूध लेकराला?" फ्रीजमधली बाटली काढली, तर वर सायीसारखा थर आणि खाली निळसर पाणी. त्या म्हणाल्या, "हे तर फाटलं." फाटलेलं नसतं ते. स्निग्धांश वर येतो, बाटली हलक्या हाताने फिरवली की परत एक होतो. गॅसवर उकळायचं नाही, गरम पाण्यात धरून कोमट करायचं. चार दिवसांनी सासूबाईंनी माळ्यावरून चांदीचं बोंडलं काढलं, चिंचेने घासलं, उकळून घेतलं. नवऱ्याला याच बोंडल्याने गुटी दिली होती म्हणे. माझी मुलगी बाटलीच्या बोंडाला कधीच सरावली नाही. माझं दूध ती आजीच्या मांडीवर बोंडल्याने प्यायली.

घरचं बसलं. प्रश्न होता बाहेरचा.

दूध मागणीवर चालतं. छाती रिकामी होत राहिली तर नवं तयार होतं; तुंबून राहिली की शरीर समजतं, आता गरज नाही. म्हणजे दौऱ्यावर असले तरी दर तीन तासांनी दूध काढायलाच हवं. पण कुठे? आणि ठेवायचं कशात? काढलेलं दूध २५ अंशांपर्यंत चार तास टिकतं. सोलापूरचा एप्रिल ४० च्या पुढे असतो. बर्फाच्या खोक्यात २४ तास मिळतात, तेही जेल पॅक गोठलेले राहिले तर.

ते जेल पॅक मला मेडिकलवाल्यांनी दिले. इन्सुलिनचं पार्सल थर्माकोलच्या खोक्यात, जेल पॅक लावून येतं. औषधं शीतकपाटात गेली की खोका मागच्या खोलीत पडून राहतो. उमरग्यातल्या एका काकांना मी चाचरत विचारलं. त्यांनी दुसरं काही विचारलं नाही. खोका दिला आणि म्हणाले, "वितळलेले इथे टाकत जा, गोठलेले घेऊन जात जा." मुक्कामाला लॉजमालकाच्या बायकोने घरच्या फ्रीजमधला एक कप्पा रिकामा करून दिला. बाटल्यांवर तारीख आणि वेळ लिहून मी तिथे ठेवायची.

दूध काढायला बसलं की लगेच येत नाही. दहा मिनिटं नुसते थेंब. मग दुपटं नाकाशी धरायची. त्या वासाने पान्हा फुटायचा, अक्षरशः धार लागायची. बाळाच्या आठवणीनेही ऑक्सिटोसिन, म्हणजे पान्हा सोडणारं संप्रेरक, स्रवतं हे मला पुस्तकातून ठाऊक होतं, पण बसस्थानकाच्या बाकावर ते अंगावर अनुभवताना मी रडले आहे.

(दृश्य: बसस्थानक. दारावर पाटी: हिरकणी कक्ष.)

राज्यातल्या अनेक एसटी स्थानकांवर ही खोली आहे. एका ठिकाणी दाराला कडी होती, पंखा होता, बाक पुसलेला होता. तिथे मी पंधरा मिनिटांत मोकळी व्हायची. दुसऱ्या एका ठिकाणी कुलूप. चावीसाठी खिडकीवर जाऊन, मागे रांग उभी असताना, कशाला हवी ते सांगावं लागलं. त्या दिवशी गाडी चुकली.

हिरकणीची आख्यायिका आपण सगळ्यांनी शाळेत ऐकली. रायगडाचे दरवाजे बंद झाले आणि ती गवळण तान्ह्यासाठी कडा उतरून गेली. आई झाल्यापासून मला त्या गोष्टीतला कडा कमी आठवतो, दरवाजा जास्त.

एकदा मीही गप्प बसले. हॉटेलातली मीटिंग, सगळे पुरुष, सहा तास. उठून "मला पंधरा मिनिटं हवीत" एवढं म्हणता आलं नाही. कुर्ता भिजला, वर ओढणी घेतली. संध्याकाळी छाती दगडासारखी, रात्री थंडी वाजून १०२ ताप. जिथे मी औषधं दाखवायला जाते त्याच स्त्रीरोगतज्ज्ञांकडे दुसऱ्या दिवशी पेशंट म्हणून बसले. मला वाटलं, आता पाजणं बंद करायला सांगतील. त्या उलट म्हणाल्या, "पाजत राहा, बाळाला अपाय नाही. थांबलीस तर दुखणं वाढेल." औषधही दिलं.

पुढच्या महिन्याचा टूर प्रोग्राम भरताना मी मॅनेजरला स्पष्ट सांगितलं. दोन मुक्काम सलग नकोत. उमरगा एका दिवसात करून परत येईन, लातूर-निलंगा एका मुक्कामात. कॉल, म्हणजे डॉक्टरांच्या भेटी, कमी होणार नाहीत. ते थोडा वेळ थांबून "चालेल" म्हणाले. मी सात महिने जे विचारायला घाबरत होते, त्याला पाच मिनिटं लागली.

रात्री घरी पोचले की मुलगी सोडायची नाही. दिवसभराचं राहिलेलं ती रात्री वसूल करायची, तीन-तीन वेळा उठून. थकायची मी. पण रात्रीच्या पाजण्यानेच माझं दूध टिकलं.

(दृश्य: गाडीची खिडकी, उजाडलेली शेतं. तरुणीच्या कानाला फोन.)

"ताई, आता उमरग्यात उतरतेय. बर्फ कुठे बदलू?"

"चौकातल्या मेडिकलला जा. पुढून नको, गर्दी असते. बोळातून मागच्या दाराला जा. काकांना निळी बॅग दाखव, ते ओळखतील."