चहाच्या रंगाचं ऑइल

(दृश्य: पहाट. ओल्या शेतरस्त्यावर उभी पांढरी पिकअप. दूरवर सातपुड्याची रांग.)

रात्री परतीचा पाऊस पडून गेलाय. शहादा तालुक्यातल्या या बागेत पपईची तोडणी उरकली आहे. फळं जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळून बांधावर रचून ठेवलीत. व्यापाऱ्याचा ट्रक डांबरी रस्त्यावर थांबलाय, तो काही शेतात उतरणार नाही. बागेपासून डांबरापर्यंत जेमतेम अर्धा कोस, पण तो सगळा काळ्या मातीचा.

या मातीला तापीकाठचं माणूस चांगलं ओळखून असतं. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पाणी प्यायली की ती फुगते. ओली माती टायरच्या नक्षीत बसते. दोन फेऱ्यांत नक्षी भरून जाते आणि टायर तेल लावलेल्या पहिलवानासारखा गुळगुळीत होतो. मग नवा टायर काय आणि घासलेला काय, सारखंच.

गाडीचे मालक आणि चालक एकच, गावात त्यांना आबा म्हणतात. आबा आधी खाली उतरतात. चप्पल काढून रस्ता चालून येतात, मधल्या खड्ड्यात काठी खुपसून बघतात. आम्ही कॅमेरा लावेपर्यंत त्यांचं हे उरकलेलं असतं.

(दृश्य: पुढच्या चाकाचा मध्य. चिखलाने माखलेली बोटं हबची खुंटी फिरवतात.)

खानदेशातल्या बहुतेक पिकअपना जोर फक्त मागच्या दोन चाकांचा. ही चारही चाकांची आहे, जरा जुनी. पुढच्या दोन्ही हबवरची खुंटी हाताने फिरवून लॉक करायची आणि मग आतला छोटा लिव्हर ओढायचा. लिव्हर आणखी खाली ओढला की लो गिअर लागतो. गाडी मुंगीच्या चालीने चालते, पण ओढ अशी की चढावर क्लच जाळावा लागत नाही.

एक गोष्ट मात्र नवख्यांना उमगत नाही. साध्या डिफरेन्शलमध्ये, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरच्या जोडणीत, जे चाक मोकळं सुटतं तेच फिरत राहतं. एक पुढचं आणि एक मागचं चाक हवेत किंवा चिखलात मोकळं झालं की फोर व्हील लावूनही गाडी जागची हलत नाही. अशा वेळी रेस वाढवणं म्हणजे स्वतःच्या हाताने खड्डा खणणं. चाक खाली जातं, डिफरेन्शलची पेटी, म्हणजे हौसिंग, मातीला टेकतं आणि गाडी बुडावर बसते. मग ट्रॅक्टरला फोन.

आज तशी वेळ आली, पण थोडक्यात निभावलं. तिसऱ्या वळणावर मागचं डावं चाक नुसतंच फिरायला लागलं. आबांनी लगेच पाय काढला. पोऱ्याने बांधावरून गेल्या सालच्या पऱ्हाटीचा भारा आणला, चाकापुढची माती खुरप्याने उकरली आणि काड्या दाबून बसवल्या. दुसरा गिअर, क्लच हळूच, रेस जवळजवळ नाहीच. गाडी कण्हली आणि निघाली. मागे भरलेला मालही अर्धाच होता. पूर्ण भरून एक खेप करण्यापेक्षा अर्ध्या दोन बऱ्या, हा त्यांचा हिशेब. हवाही याच हिशेबाने: रिकाम्या गाडीची थोडी कमी केली तर टायर पसरतो आणि माती धरतो. भरल्या गाडीला हे चालत नाही, टायरची बगल दुमडून तापते.

डांबर लागताच आबा लिव्हर परत टू व्हीलवर टाकतात. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा फेरा घेतात, आणि फोर व्हीलमध्ये चाकांकडे जोर नेणारे पुढचा-मागचा शाफ्ट एकमेकांना बांधलेले. मातीत चाक थोडं घसरून तो फरक भरून काढतं. कोरडं डांबर घसरू देत नाही, तेव्हा ताण सगळा शाफ्टच्या सांध्यातल्या क्रॉसवर आणि गिअरच्या दात्यांवर येतो. स्टिअरिंग जड होतं, टायर किरकिरतात. गावात फोर व्हील लावून मिरवणाऱ्याची गाडी वर्षभरात आवाज करते, ती यामुळे.

(दृश्य: तोरणमाळचा घाट. वळणावर वळण.)

दुपारी किराणा आणि सिमेंट घेऊन तोरणमाळ. समुद्रसपाटीपासून १,१०० मीटरच्या वर. चढताना गाडीची परीक्षा, उतरताना माणसाची. ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं, इंजिनाने गाडी धरायची. डिझेल वाचवायला न्यूट्रल मारणारे इथेही भेटतात, त्यांच्याबद्दल आबा जे बोलले ते आम्ही ध्वनिमुद्रणातून काढून टाकलंय. ब्रेकवर सतत पाय ठेवला की ड्रम तापतात आणि ब्रेक ऑइलमध्ये पाण्याचा अंश असेल तर ते उकळतं. मग पेडल खाली जातं आणि गाडी थांबत नाही. हे ऑइल हवेतली ओल शोषत राहतं, म्हणून भरलेलं दिसलं तरी साधारण २ वर्षांनी बदलतात.

(दृश्य: संध्याकाळ. रस्त्याकडेचं गॅरेज. गाडी जॅकवर.)

गॅरेजवाला सगळ्यात आधी पाण्याच्या पाइपने चिखल उडवतो, कारण वाळलेल्या मातीआड सैल झालेला यू-बोल्ट दिसत नाही. कमानीचे पाटे एकेक करून बघतो, मधला बोल्ट तपासतो. ग्रीस गन लावून शाफ्टच्या क्रॉसमध्ये दाबत राहतो. आधी काळं, पाणी मिसळलेलं ग्रीस बाहेर येतं, मग तपकिरी, आणि शेवटी नवं, स्वच्छ. तोवर हात थांबत नाही. एअर फिल्टर पेटीतून काढून आतल्या बाजूने हवा मारतो. बाहेरून मारली तर धूळ कागदात आणखी रुतते, आणि इथल्या उन्हाळ्यात तर धुळीला तोटा नाही.

मग तो मागच्या हौसिंगचा नट सोडतो.

धार पडते ती काळपट नाही, दुधाळ आहे. थेट चहाचा रंग. तो बोटावर घेतो, चोळतो आणि आबांकडे बघतो.

"नाल्यात उतरले होते का?"

आबा इकडेतिकडे बघतात. मागच्या आठवड्यात नाला वाहत होता, माल खोळंबला होता, पाणी फार नव्हतं. तापलेलं हौसिंग गार पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून, म्हणजे हौसिंगच्या हवेच्या तोंडातून, किंवा सीलमधून पाणी आत ओढते. ते ऑइलमध्ये घुसळलं जातं आणि बेअरिंगला गंज धरतो. गाडी तेव्हा काहीच बोलत नाही.

"अन् इंजिनात पाणी गेलं असतं म्हंजे?" गॅरेजवाला म्हणतो. "बुडाल्यावर सेल्फ मारला की कनेक्टिंग रॉड वाकला समजा. ढकलत आणायची, पण सेल्फ नाही मारायचा."

जुनं ऑइल पूर्ण निथळू देतात. ब्रीदरचं तोंड मातीने बंद झालेलं, ते तारेने मोकळं करतात. मग वरच्या भोकातून नवं ऑइल. भोकाच्या काठाशी येऊन एक थेंब बाहेर ओघळला की भरलं.

पोऱ्या तेवढ्यात कटिंगचे ग्लास घेऊन येतो. आबा एकदा ट्रेमधल्या ऑइलकडे बघतात, एकदा ग्लासाकडे.

"मले बिगर दुधाचा आण रे भो."